अजगराची सहा अंडी

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त शाळेत भरलेल्या विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



प्रदर्शनाच्या तयारीला आरंभ झाला, तेव्हा दहावीच्या दोन विद्यार्थिनी माझ्या खोलीत आल्या आणि ‘अजगरांच्या रंगांचे गणित’ या विषयावर तक्ता मांडण्याची परवानगी मागू लागल्या. मी क्षणभर थबकले. साप आपल्याला परका नाही. नागपंचमीला आपण त्याला पाटावर काढून पुजतो. परंतु रंगासाठी सापांची पैदास करणारी माणसे जगात आहेत, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. मी मराठी विषयाची एम.ए., विज्ञानाशी माझा संबंध बदली तासापुरता. पण त्या दोघींनी मला जे शिकवले, त्यामुळे मला एक जुने ऋण आठवले. आज त्याविषयीच बोलणार आहे.

वीसएक वर्षांपूर्वी विज्ञानाच्या शिक्षिका रजेवर असताना दहावीचा आनुवंशिकतेचा पाठ माझ्याकडे आला होता. मी फळ्यावर एक्स आणि वाय गुणसूत्रांची आकृती काढली, मुलगा आणि मुलगी होण्याची शक्यता निम्मी-निम्मी, असे लिहिले आणि समाधानाने मागे वळले. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “बाई, आम्ही चौघी बहिणीच आहोत. मग पुस्तक चुकलंय का?” वर्ग हसला. मी म्हणाले, “परीक्षेत एवढंच लिहायचं, बस खाली.” तिच्या घरात चार मुलींवरून आईला काय काय ऐकावे लागत होते, हे मला पुढे कळले. तिला घरी जाऊन सांगता येईल असे काहीतरी हवे होते. मी तिला परीक्षेतले उत्तर दिले.

आता अजगरांकडे वळू. हा आपला रानातला अजगर नव्हे. इथे तेलुगूत ज्याला ‘कोंडचिलुव’ म्हणतात, तो आपला अजगर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असून त्याला घरात ठेवणे गुन्हा आहे. मी सांगते आहे तो बॉल पायथन. घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकेतील देशांचा हा लहानखुरा, बिनविषारी साप भ्याला की डोके मध्ये लपवून चेंडूसारखे वेटोळे करतो. म्हणून हे नाव. बेनिनमधील विदा या गावी त्याचे मंदिर आहे आणि लोक त्याला पवित्र मानतात. त्याच देशांतून तो हजारोंच्या संख्येने अमेरिका-युरोपात पाळण्यासाठी जातो. आपल्याकडेही विमानतळांवर प्रवाशांच्या सामानात लपवून आणलेले असे साप सापडल्याच्या बातम्या आपण वाचतो.

मूळचा बॉल पायथन गडद तपकिरी असतो आणि त्यावर फिकट ठिपके असतात. क्वचित एखादे पिल्लू पिवळे-पांढरे, लाल डोळ्यांचे निपजते. त्याला अल्बिनो म्हणतात. हा रंग आनुवंशिक आहे, हे 1992 मध्ये अमेरिकेत पैदाशीने सिद्ध झाले आणि तिथून रंगांचा एक मोठा व्यवसाय उभा राहिला. प्रत्येक नव्या रंगप्रकाराला तिथे ‘मॉर्फ’ म्हणतात. या व्यवसायातील पैदासकार मेंडेलचे नियम आपल्या दहावीच्या विद्यार्थ्यांपेक्षा पक्के जाणतो, कारण त्याचे पैसे त्यात गुंतलेले असतात!

अल्बिनोचे जनुक अप्रभावी आहे. आई आणि बाप या दोघांकडून ते आले, तरच पिल्लू पिवळे होते. एकाकडूनच आले, तर पिल्लू दिसते साधे, पण जनुक वाहून नेते. आता असे दोन वाहक साप जुळवले. पनेटचा चौकोन सांगतो की चारांत एक पिल्लू अल्बिनो, दोन वाहक आणि एक संपूर्ण साधे. मादीने सहा अंडी घातली. अल्बिनो किती निघतील? आपली मुले चटकन म्हणतात, दीड. परंतु दीड अजगर जन्माला येत नाही. हिशेब केला, तर सहाही अंड्यांतून एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता सुमारे 18 टक्के आहे. म्हणजे चौकोन अचूक असूनही दर पाच-सहा पैदासकारांपैकी एकाच्या पदरी निराशा येणारच. प्रत्येक अंडे स्वतंत्रपणे आपले दान टाकते. शेजारच्या अंड्यात काय झाले, याची त्याला वार्ता नसते. मेंडेलने वाटाण्याचे 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले दाणे मोजले, म्हणून त्याला तीनास एक हे प्रमाण स्वच्छ दिसले. सहा दाणे मोजून तो उठला असता, तर काय दिसले असते कोण जाणे.

याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. त्या सहांतली साधी दिसणारी पिल्ले ‘66 टक्के वाहक’ म्हणून विकली जातात. साध्या दिसणाऱ्या तीन पिल्लांपैकी सरासरीने दोन वाहक असतात, म्हणून ही संख्या. परंतु कोणतेही पिल्लू 66 टक्के वाहक नसते. ते वाहक असते किंवा नसते. ती टक्केवारी त्या सापाच्या अंगात नाही. ती आपल्या अज्ञानाचे माप आहे. खरे काय ते जाणायचे, तर पिल्लू वयात येईपर्यंत थांबायचे, अल्बिनोशी त्याची जोडी लावायची आणि अंडी उबण्याची वाट पाहायची. एक जरी पिवळे पिल्लू निघाले, तरी प्रश्न मिटला. ‘हा मुलगा अमुक घराण्यातला, त्याला गणित येणारच’ किंवा ‘हिला ते जमणार नाही’, असे आम्हां शिक्षकांच्या खोलीतही कधी कधी बोलले जाते; हे ऐकताना मला ते आठवले आणि संकोच वाटला.

आणखी एक कोडे. लॅव्हेंडर अल्बिनो नावाचा दुसरा रंगप्रकार आहे. अल्बिनो आणि लॅव्हेंडर अल्बिनो यांची जोडी लावली, तर सगळी पिल्ले साधी तपकिरी होतात! दोन्ही रंग वेगवेगळ्या जनुकांच्या बिघाडातून येतात आणि पिल्लाला प्रत्येक जनुकाची एक चांगली प्रत मिळते. ती जनुके कोणती, हे 2022 मध्ये ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातील पदवीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्रयोगशाळेच्या तासाला शोधून काढले. साप पाळणाऱ्यांनी पाठवलेल्या कातींमधून त्यांनी डीएनए मिळवला. सापाने टाकून दिलेली कात आणि वर्गातली मुले, एवढ्यावर खरे संशोधन झाले. आमच्या प्रयोगशाळेसाठी निधी मागताना मी हे उदाहरण समितीपुढे नक्की ठेवणार आहे.

या व्यवसायाची दुसरी बाजूही त्या मुलींनी तक्त्यावर लपवलेली नाही, याचे मला कौतुक वाटते. स्पायडर नावाचा जाळीदार नक्षीचा एक सुंदर प्रकार आहे. त्याचे जनुक प्रभावी. एका पालकाकडून आले तरी नक्षी उमटते. पण त्या नक्षीबरोबर डोके डुलणे, तोल जाणे, कधी अंग पिळवटून उलटे होणे हेही येते. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या सापांच्या आतील कानाची, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या भागाचीच, रचना बिघडलेली आढळली. नक्षी आणि व्याधी वेगळी करता आलेली नाही. तरीही तो विकला जातो, कारण तो देखणा आहे. इथे माझे मत मी लपवत नाही: हे थांबले पाहिजे.

आता त्या चार बहिणींकडे परत येते. सापांमध्ये पिल्लाचे लिंग मादीच्या गुणसूत्रांवरून ठरते, असे पुस्तके अनेक वर्षे सांगत होती. बॉल पायथनमध्ये ‘बनाना’ नावाचा एक पिवळसर रंगप्रकार आहे. पिकल्या केळ्यासारखे त्यावर वयाबरोबर काळे ठिपके येतात. पैदासकारांच्या वह्यांत एक विचित्र गोष्ट दिसू लागली. ज्या बनाना नराला हा रंग आईकडून मिळाला, त्याची बनाना पिल्ले बहुतेक माद्याच. ज्याला बापाकडून मिळाला, त्याची बहुतेक नरच. याचा मेळ एकाच रीतीने लागत होता: आईकडून आलेले जनुक नराच्या एक्स गुणसूत्रावर असते आणि ते लेकींना मिळते, बापाकडून आलेले वायवर असते आणि ते लेकांना मिळते. म्हणजे माणसाप्रमाणे इथेही लिंग बापाकडून ठरत होते. 2016 मध्ये या रंगाच्या वारशाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 2017 मध्ये बोआ आणि अजगर यांच्यात एक्स-वाय गुणसूत्रे असल्याचे शास्त्रज्ञांनी दाखवले आणि पुस्तकातले वाक्य बदलावे लागले.

त्या मुलीने विचारले होते, पुस्तक चुकलंय का. तिच्या बाबतीत पुस्तक चुकले नव्हते. चार अपत्ये असलेल्या दर सोळा घरांत सरासरीने एका घरी चारही मुलीच असतात. आणि मुलगा की मुलगी, हे आईकडून ठरतच नाही, बापाच्या शुक्रपेशीतून ठरते. ही दोन वाक्ये मी त्या दिवशी सांगितली असती, तर ती संध्याकाळी घरी जाऊन आजीपुढे उभी राहू शकली असती. ती आज कुठे आहे, मला माहीत नाही. या हीरक महोत्सवाची पत्रे माजी विद्यार्थ्यांना पाठवताना तिच्या जुन्या पत्त्यावरही एक पाठवले आहे.

आता दालन खुले होते आहे. दारातच दोन पिशव्या ठेवल्या आहेत, प्रत्येकीत काळे आणि पिवळे मणी निम्मे-निम्मे. दोन्हींतून एकेक मणी काढा. दोन्ही पिवळे निघाले, तर तुमचे अंडे अल्बिनो. मग मणी परत टाका. सहा अंडी झाली की निकाल फळ्यावर लिहा आणि पिशव्या पुढच्याच्या हाती द्या. पहिली सहा अंडी मीच सकाळी काढली. सहाही साधी निघाली.