लिंबाचा सामू ९.९ नसतो

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांचा निरोप होता, "तू साखर कारखान्याच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढलीस, विज्ञानावर काहीतरी बोल, पण जेवणं खोळंबतील इतकं नको." विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. तो आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच पडलेला होता.

आठवतंय का, २०२० च्या लॉकडाउनमध्ये एक निरोप फिरत होता? विषाणूचा पीएच ५.५ ते ८.५, म्हणून त्याहून जास्त पीएचचं खा. लिंबू ९.९, लसूण १३.२, ॲव्होकाडो १५.६. खाली हात जोडलेले आणि 'सर्वांना पाठवा'. विषाणू गेला, पण निरोपातली ती कल्पना काही गेली नाही. आता ती 'अल्कलाइन पाणी' म्हणून येते. शरीर आम्लधर्मी झालंय, ते अल्कधर्मी करा, सगळे रोग पळतील! आपण सगळे साठी ओलांडलेले, त्यामुळे गिऱ्हाईक तयारच आहे.

पीएच म्हणजे आपल्या शेतकऱ्याचा 'सामू'. माती परीक्षणाच्या कागदावर हाच शब्द छापलेला असतो आणि मला तो आवडतो, म्हणून मी तोच वापरणार.

सर समोर बसलेत, तेव्हा व्याख्या बरोबर सांगतो. एक लिटर शुद्ध पाण्यात, २५ अंश तापमानाला, हायड्रोजन आयन असतात ०.००००००१ मोल. दशांश चिन्हानंतर सातव्या जागी एक. म्हणून सामू सात. इतकी शून्यं लिहायचा कंटाळा १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांना आला. हो, ती बिअरवाल्यांचीच प्रयोगशाळा. त्यांनी ठरवलं, शून्यं लिहायची नाहीत, जागा मोजायची. लिंबाचा सामू दोनच्या आसपास, म्हणजे एक दुसऱ्या जागी, ०.०१. आकडा लहान तेवढं आम्ल जास्त, हे उलटं गणित वर्गात सगळ्यांना छळायचं, ते यामुळे. आणि एक जागा सरकली की दहापट होतं. लिंबू आणि पाणी यांच्यात पाच जागा आहेत, म्हणजे लाखपट.

ही दहापट कागदावरची नाही. उसाचा रस गाळपातून येतो तेव्हा त्याचा सामू पाच-साडेपाच असतो. तो तसाच तापवला तर साखर फुटते आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं. ते मळीत जातं, पोत्यात येत नाही. म्हणून चुना आणि गंधकाचा धूर देऊन रस सातवर आणायचा. साखर फुटण्याचा वेग हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात वाढतो. तापमान तेच ठेवून सामू सातऐवजी सहा राहिला तर साखर दहापट वेगाने फुटते. रात्रपाळीला चुन्याच्या टाकीवरचा माणूस डुलकी घेऊ लागला की आमची झोप उडायची ती या एका आकड्यामुळे. चुना जास्त झाला तरी पंचाईतच, रस काळवंडतो.

आता लिंबाकडे येतो. सामू मोजणारं यंत्रच मुळी लिंबापायी जन्माला आलं, ही गंमत फार जणांना माहीत नाही. कॅलिफोर्नियात १९३४ च्या सुमारास लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजायचा होता. टिकवण्यासाठी रसात सल्फर डायऑक्साइड घातलेला, त्याने लिटमसचा रंगच उडून जाई. तिथल्या रसायनज्ञाने अर्नोल्ड बेकमन या मित्राकडे गाऱ्हाणं नेलं, आणि बेकमननी विजेवर चालणारा मीटर करून दिला. त्या लिंबाला आमच्या ग्रुपवर ९.९ मिळावेत! ॲव्होकाडोचे १५.६ तर सोडूनच द्या. कॉस्टिक सोड्याच्या चार टक्के द्रावणाचा सामू १४ च्या जवळ असतो. त्याच्या कितीतरी पट जहाल फळ कापायला सुरी कसली घेणार?

पण नुसतं हसून भागत नाही. गेल्या वर्षी आपल्यातल्याच एकाचे पाय सुजले, रक्तदाब खाली येईना. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, तरी फरक पडेना. मग कळलं, हे गृहस्थ रोज सकाळी चमचाभर खायचा सोडा पाण्यातून घेत होते, 'शरीर अल्कलाइन करायला'. नाव न घेता सांगायची परवानगी त्यानेच दिली आहे. मला म्हणाला, "हिशेब करून सांग सगळ्यांना, तू त्यातला आहेस."

तर हिशेब. चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम सोड्यात सोडियम जवळजवळ १.४ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते, सबंध दिवसाचं सोडियम दोन ग्रॅमच्या आत ठेवा. म्हणजे चहाच्या आधीच दोन तृतीयांश कोटा संपला. मीठ मात्र तो कटाक्षाने कमी खात होता!

आणि ते महागडं अल्कलाइन पाणी? समजा सामू नऊ. जठरातल्या रसाचा सामू दोन धरा. नुसत्या सामूवरून गणित मांडलं तर असलं एक लिटर पाणी जठरातला एक मिलिलिटर रस उदासीन करतं. वीस थेंब. उलट सोड्याच्या पाण्याचा सामू आठच्या थोडा वर, म्हणजे या पाण्यापेक्षा कमी. तरी त्याचा एक चमचा तसला सहा लिटर रस पचवेल. सामू आणि साठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खिशातली मोड मोजली म्हणून बँकेतली शिल्लक कळत नाही. जाहिरात नेहमी सामू दाखवते.

मग रक्ताचं काय? त्याचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्टीत असतो, आणि तो तिथे ठेवायला बायकार्बोनेट, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस झटत असतात. फुप्फुसं काही मिनिटांत कार्बन डायऑक्साइड कमीजास्त करतात, मूत्रपिंडांना काही तास, कधी दिवस लागतात. लघवीत पट्टी बुडवून 'बघ, माझं शरीर अल्कलाइन झालं' असं म्हणणारेही आपल्यात आहेत. ती पट्टी एवढंच सांगते की मूत्रपिंडाने नको असलेलं बाहेर टाकलं. रक्ताचा सामू खरोखर बिघडला, तर तो पाण्याची बाटली घेऊन सुधारायचा मामला नसतो. मधुमेहात कधीकधी तसं होतं. तेव्हा थेट हॉस्पिटल गाठायचं, समोर बसलेले आपले डॉक्टर मान डोलावताहेत.

सरांनी लिटमस पुरवून पुरवून वापरायला दिला होता, पाच जणांत एक तुकडा. मुलींना मात्र कागदाची गरज नव्हती. हळदीला चुना लागला की लाल होतं, कुंकू तसंच करतात, हे त्यांना घरात ठाऊक होतं. आमटीचा पिवळा डाग साबणाने लाल होतो आणि धुवून वाळला की पुन्हा पिवळा दिसतो, तेही तेच.

आज मी सामूच्या कागदाची दोन पाकिटं आणली आहेत, माणशी एक पट्टी पुरेल. जेवणाच्या मांडवात लिंबाच्या फोडी आहेत, सोलकढी आहे, आणि कोणीतरी विकत आणलेली अल्कलाइन पाण्याची बाटलीही आहे. रंग जुळवून आकडे सरांकडे द्या, ते तपासतील. एक पट्टी मात्र लिंबासाठी राखून ठेवा, तिचा फोटो ग्रुपवर टाकायचा आहे.