द्वाड मूल आणि तज्ज्ञाची पायरी



मुंबई-गोवा रस्त्यावर नागोठणें व कोलाड यांच्या दरम्यान असलेलें खांब हें माझें गांव. मुलांना वळण लावण्यांत माझी सारी हयात गेली. "मास्तर, पोरगें ऐकत नाहीं," असें पालकांनीं सांगावें आणि मीं कोपऱ्यांतल्या छडीकडे पाहावें, हा वर्षानुवर्षांचा परिपाठ. तोच मी आपल्या आठ वर्षांच्या नातवापुढें मात्र हात टेकून बसलों. आजचें भाषण त्या पराभवाविषयीं आहे.

नातू बुद्धीनें चलाख. पण कांहींहि सांगितलें कीं त्याचें उत्तर 'नाहीं'. जेवणास बोलावलें कीं वाद, अभ्यासास बसविलें कीं दप्तर भिरकावणें, स्वतःची चूक धाकट्या बहिणीच्या माथीं मारणें, आणि एकदां धरलेला राग दिवसदिवस न सोडणें! असें वर्ष लोटलें. कोणी दृष्ट काढण्यास सांगितलें, कोणी फटके देण्यास. दोन्ही उपाय झाले, फळ शून्य. शेवटीं सूनबाई म्हणाली, "अण्णा, याला डॉक्टरांना दाखवूं या." मीं ताडकन् उत्तर दिलें, "माझा नातू वेडा नाहीं!"

ती हळूच म्हणाली, "शाळेंत त्याच्या शेजारीं आतां कोणी बसत नाहीं, अण्णा. तुम्हांला ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हतें.

वास्तविक ही वाट नवी नव्हे. मुंबईंत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयानें १९३७ सालींच बालमार्गदर्शन केंद्र उघडलें होतें. आणि या विकाराला अमेरिकेंतील मानसोपचारज्ञांच्या निदानग्रंथांत १९८० पासून स्वतंत्र स्थान आहे. अर्थात् प्रत्येक हट्टी मूल विकारी नव्हे. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा हट्ट हा वाढीचाच भाग होय. पण राग, वाद व आकस हे सहा महिने टिकले, आणि त्यापायीं घरीं, शाळेंत वा सोबत्यांत मुलाचें अडूं लागलें, तर तज्ज्ञाची पायरी चढण्यांत कमीपणा मानूं नये.

मुंबईच्या तज्ज्ञबाईंनीं औषध दिलें नाहीं. त्यांनीं प्रथम कान व डोळे तपासून घेतले. वाचन-लेखनांत अडचण, चित्ताची अस्थिरता, मनांत भीति वा खिन्नता आहे काय, शाळेंत कोणी छळतें काय, हें पाहिलें. कारण पुष्कळदां हट्टाच्या मुळाशीं यांपैकीं कांहीं तरी असतें. मग त्यांनीं नातवाला विचारलें, "आई नाहीं म्हणाली, तर तूं कोणाकडे जातोस?"

त्यानें माझ्याकडे बोट दाखविलें.

खरेंच होतें तें. आई नाकारी, तें मी खिशांतून काढून देत असें. बाप मारी, मी कुशींत घेत असें. वर्गांत एकच नियम चालविणारा मास्तर घरांत तीन नियम चालूं देत होता!

उपचार झाला तो आम्हां मोठ्यांवर. आज्ञा थोड्या, स्पष्ट व शांत स्वरांत द्यावयाच्या. एकानें दिलेली आज्ञा दुसऱ्यानें मोडावयाची नाहीं. चांगलें वागतांच नेमकें काय आवडलें तें सांगून शाबासकी द्यावयाची. चुकल्यास मार नाहीं, आधीं ठरलेली एखादी सवलत तेवढ्यापुरती बंद. आणि रोज थोडा वेळ त्याच्या मर्जीचा खेळ. पहिल्या पंधरवड्यांत हट्ट वाढला. तसें होईल हें बाईंनीं आधींच सांगितलें होतें. पुढें तो ओसरूं लागला. चमत्कार झाला नाहीं. आजहि वाद होतात. पण परवां तो शाळेंतून एका मित्राला घरीं घेऊन आला.

ज्यांना कोठें जावें हें सुचत नसेल, त्यांनीं आपल्या जिल्हा रुग्णालयांत चौकशी करावी. किंवा सरकारच्या 'टेली-मानस' सेवेस १४४१६ या क्रमांकावर विचारावें. ही सेवा २०२२ पासून विनामूल्य चालू आहे.

आतां रात्रीं कधीं कधीं जुने वर्ग डोळ्यांपुढें येतात. ज्या मुलांना मीं द्वाड ठरविलें, त्यांचे कान मीं पिळले. ते तपासावेत असें मला कधीं सुचलें नाहीं.