उशिरा आलेला विद्यार्थी

मैंदर्गी हे आपल्या अक्कलकोट तालुक्यातलं हद्दीजवळचं गाव. घरोघरी कन्नड, आणि बाजारात कन्नड-मराठी दोन्ही. इथली मुलं दोन भाषा कानावर घेऊनच वाढतात. पण पलीकडे अफजलपूरकडे सातवीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेला मुलगा ऑगस्टात इकडे आला आणि मराठी माध्यमाच्या आठवीत बसला, की त्याची अडचण निराळी असते.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. असा एक मुलगा माझ्या इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर बसे. काही विचारलं की मान खाली. याला इंग्रजी येत नाही, असं मी धरून चाललो. दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही. मागाहून कळलं, की ‘रेन’ हा शब्द त्याला ठाऊक होता. मी विचारलेला ‘पाऊस’ ठाऊक नव्हता. मी इंग्रजी शिकवत होतो मराठीतून, आणि त्याला तर मराठीच नवी होती!

तेव्हापासून मी फळ्यावर तीन वाक्यं एकाखाली एक लिहितो. कन्नडमध्ये ‘नानु शालेगे होगुत्तेने’. मराठीत ‘मी शाळेला जातो’. शब्दाखाली शब्द बसतो, प्रत्ययसुद्धा जागेवर! मग इंग्रजी, ‘आय गो टू स्कूल’. इथे क्रियापद मधे आलं, आणि आपला ‘ला’ शब्दाच्या आधी जाऊन ‘टू’ झाला. कन्नड मुलाला मराठी जवळची वाटू लागते, आणि इंग्रजीचं वळण सगळ्याच वर्गाला कळतं.

असा मुलगा ‘ते खुर्ची’ म्हणाला तर हसू नका. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकलिंगीच. खुर्चीला ‘ती’ म्हणायचं हे त्याला कोण सांगणार? दोन्ही भाषा येणारा सोबती त्याच्या शेजारी बसवा. पहिले काही आठवडे उत्तर कन्नडमध्ये दिलं तरी चालवून घ्या. गणितापासून सुरुवात करा. आकडेमोडीत तो मागे नसतो, हे वर्गालाही दिसू द्या.

आईबापांनाही एक विनंती. मराठी यावी म्हणून घरातली कन्नड बंद करू नका. ज्या भाषेत पोर विचार करतं, तिच्याच आधारानं ते दुसरी शिकतं.

१९५६ साली घटनेत ३५०-अ हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी, असं ते सांगतं. पण प्राथमिक टप्प्यापुरतंच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं, दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंत प्रवेश अडवता येत नाही. मूल वर्गात येतं ते असं. त्याला बोलतं करण्याचं काम मात्र आपल्या गुरुजनांकडेच राहतं.

उद्या मागच्या बाकावरचं एखादं पोर गप्प दिसलं, तर त्याला ‘येत नाही’ म्हणण्याआधी एवढंच विचारा, “बाळ, याला तुमच्याकडे काय म्हणतात?”