भूक, मेद आणि इसबगोल

(कुटुंब मेळाव्यात एका ज्येष्ठ पत्रकारांनी केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि दर दहा प्रौढांपैकी जवळजवळ चौघांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर गेला आहे. हे आकडे परक्यांचे नव्हेत, आपल्याच घरांतले आहेत. साहजिकच वजन उतरवणाऱ्या तंतुमय चूर्णांचा खप वाढला आहे. त्यांतले आपल्या सर्वाधिक परिचयाचे म्हणजे इसबगोल.

हे पीक मुख्यतः गुजरात-राजस्थानात होते. उत्तर गुजरातेतील उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ. पूर्वी बद्धकोष्ठावर घेतला जाणारा इसबगोल आता भूक आवरण्यासाठी घेतला जातो. त्यात तथ्य आहे काय?

आहे, परंतु मर्यादित. इसबगोलाची साल पाणी शोषून फुगते आणि तिचा बुळबुळीत लगदा होतो. त्यामुळे पोट भरल्यासारखे वाटते आणि साखर रक्तात उतरण्याचा वेग मंदावतो. कोलेस्टेरॉलही काहीसे घटते. वजन मात्र थोडेच उतरते. ग्लुकोमॅनन नावाच्या दुसऱ्या एका तंतूला युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये वजन घटवण्यास साहाय्यक मानले, तेही कमी उष्मांकांचा आहार चालू असेल तरच. सकाळी चूर्ण आणि सायंकाळी बशीभर फरसाण, असा क्रम ठेवून ‘पी हळद अन् हो गोरी’ म्हणण्यात अर्थ नाही.

चरकसंहितेत स्थूल माणसासाठी पचायला जड, पण शरीराचे फार पोषण न करणारे अन्न सांगितले आहे. त्या यादीत जव, सावा, कोद्रू, मूग आणि कुळीथ आहेत. त्या काळी आजचे तंतुशास्त्र अवगत होते, असा दावा करण्याचे कारण नाही. निरीक्षण मात्र सूक्ष्म होते, हे निःसंशय. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये प्रौढांनी रोज किमान २५ ग्रॅम तंतू घ्यावेत असे सांगितले. ते अन्नातले नैसर्गिक तंतू असावेत, हेही स्पष्ट केले.

आपल्या ताटात ते सहज मिळतात. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. पांढऱ्याशुभ्र तांदळात तीन ग्रॅमही नसतात. भाकरी, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर आणि एखादा पेरू एवढ्याने बरेचसे साधते. शिवाय भाकरी चावून खावी लागते. जेवण सावकाश होते आणि तृप्तीची जाणीव वेळेवर होते. चूर्णाच्या पेल्यात हे सुख नाही.

तरीही इसबगोल घ्यायचाच असेल, तर अल्प मात्रेने आरंभ करावा आणि पेलाभर पाण्याबरोबरच घ्यावा. कोरडा घेतल्यास घशात अडकू शकतो. इतर औषधे आणि इसबगोल यांत दोनेक तासांचे अंतर ठेवावे. गिळण्याचा त्रास किंवा आतड्याचा अडथळा असणाऱ्यांनी तो टाळावा, आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

घरात काय शिजते, हे एकट्या गृहिणीने ठरवायचे नसते. उद्या भाकरी समोर आली, तर घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी तिच्याकडे पाहून नाक मुरडू नये, एवढीच विनंती.