तलाव कोणाचा, जंगल कोणाचं?

(शहापूर इथल्या शिबिरातलं बोलणं. लिहून घेताना थोडं आवरतं घेतलं आहे.)



सकाळी एका भावानं विचारलं, "नवा कायदा आला म्हणते, मंग जंगल गावाचं झालं का?" तेवढ्याचंच उत्तर देतो.

24 डिसेंबर 1996 ला दिल्लीत पंचायतींचा कायदा आदिवासी भागासाठी वाढवला. त्यात गौण वनउपज गावाच्या मालकीची, लहान तलावांचा कारभार पंचायतीकडे, जमीन घेण्याआधी गावाला विचारायचं, असं आहे. चांगलं आहे. पण तो लागू फक्त अनुसूचित क्षेत्राला. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळातले काही भाग त्यात येतात, भंडारा जिल्ह्यातलं एकही गाव येत नाही. इथला गोंड गोंड नाही का? पण नकाशात नाव नाही, म्हणून कायद्यात नाही. ही लढाई वेगळी लढावी लागेल. तोवर हात बांधून बसायचं का?

आपल्याकडचे तलाव पाहा. मालगुजारांच्या नावानं ओळखतात, पण पाळ टाकली ती कोहळ्यांच्या अकलेनं आणि आपल्या आजा-पणज्यांच्या खांद्यानं. पाणी कोणाच्या बांधीत आधी जाईल, तुडूम कधी उघडायचं, हे गाव ठरवत होतं. मालगुजार काही देवमाणूस नव्हता, बेगार त्यानंही घेतली. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले. मालक बदलला, पण गाळ काढणारा कोणी उरला नाही. आज कित्येक तलावांत पाण्यापेक्षा बेशरमच जास्त दिसते. पाळ फुटली तर आपण म्हणतो, सरकार पाहील. सरकार म्हणते, निधी नाही.

आता कागदाची गोष्ट. मी स्वतः तीन वर्षं एका कचेरीत अर्ज घेऊन फिरलो. सरपणाचा हक्क द्या, चराईचा हक्क द्या. एक दिवस तिथला म्हातारा बाबू म्हणाला, "हक्क मागता कशाला? तुमच्या गावचं निस्तारपत्रक पाहिलं का?" पाहिलंच नव्हतं! 1966 च्या जमीन महसूल कायद्यात कलम 161 ला निस्तारपत्रक आहे, 165 ला वाजिब-उल-अर्ज. चराई, सरपण, माती, मुरूम, वाट, मासे यांची गावची वहिवाट त्यात लिहिलेली असते. लाज वाटली. ज्याची नक्कल पटवाऱ्याकडे मागायची, त्याची भीक मागत होतो.

जबरानजोतवाल्यांनीही ऐका. 1972 ते 1978 च्या अतिक्रमणासाठी सरकारचा 27 डिसेंबर 1978 चा निर्णय आहे. दंडाची पावती नाही म्हणून किती जणांना परत पाठवलं! गावच्या म्हाताऱ्यांना ठाऊक असते कोणी कधी नांगर घातला. ते सभेत सांगा, ठरावात लिहून घ्या.

इथं एक गोम आहे. ग्रामपंचायत म्हणजे गाव नाही. गटग्रामपंचायतीत चार गावं, आपला टोला एका कोपऱ्यात. सरपंचाच्या ओसरीवर ठराव होतो, आंगठे नंतर गोळा होतात. तलावाच्या ठेक्याला संमती अशीच जाते, आणि पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणारा ढिवर काठावर उभा राहतो. त्याला सोडून आपण तलाव मागू नये, हे माझं मत. काहींना पटणार नाही.

धानोरा तालुक्यातलं मेंढा गाव पाहा. लहानसं गोंडांचं गाव. तिथं मतदान नाही, सगळ्यांचं जमेपर्यंत बसतात. वेळ लागतो. कंटाळाही येत असेल. पण ठरलं की कोणी फिरत नाही. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" असं ते म्हणतात, आणि जंगल राखतात म्हणून त्यांना ते शोभते. आपण राखतो का? तेंदूच्या हंगामात फडीवर 70 पानांचा पुडा बांधताना आपणच झाड खुडून काढतो.

बायांनी सभेत पुढं बसावं. सरपण त्या आणतात, पाणी त्या आणतात, मंग बोलतात कोण? पागोटेवाले.

आता काम. 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधी दर गावानं निस्तारपत्रकाची नक्कल काढायची. पटवारी नाही म्हणाला तर अर्ज द्या आणि पोच घ्या. टोल्याची सभा आधी वेगळी घ्या, ठराव तिथंच लिहा, मोठ्यानं वाचा, मंग सह्या. पुढच्या बैठकीला नक्कल आणि ठराव दोन्ही घेऊन या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासोबत आमचे पोरं येतील, गाडीभाड्याचं तेवढं पाहा.