ऑटोमॅटिकचा गिअर जाम झालाय? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी हे बघा

फलटणमधून बोलतोय. परवा एका मित्राची व्हॉइस नोट आली. "अरे, गाडीचा गिअर पी मधून निघता निघत नाही. गॅरेजवाला म्हणतो, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." मी म्हटलं, थांब. आधी मला एवढंच सांग, गिअर फक्त पी मधून निघताना जड जातो, की सगळीकडेच?

सगळं या एका प्रश्नावर ठरतं बघा.

पी मध्ये टाकलं की गिअरबॉक्सच्या आत एक छोटा खटका दातेरी चाकात अडकतो. आता समजा आदर्कीच्या घाटात चहाला थांबलात, उतारावर गाडी लावली, नुसता पी टाकला आणि ब्रेकवरचा पाय काढला. गाडीचं सगळं वजन त्या एवढ्याशा खटक्यावर! मग निघताना लिव्हर ओढावा लागतो आणि खट्ट आवाज येतो. ही गाडीची खराबी नाही, लावायची पद्धत चुकतेय. ब्रेक दाबून ठेवा, एन मध्ये टाका, हँडब्रेक ओढा, पाय हळूच सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या. परत ब्रेक दाबा आणि मग पी.

सपाट रस्त्यावरही पी मधून निघत नसेल तर ब्रेकचं लॉक बघा. ब्रेक दाबल्याशिवाय पी मधून निघू नये म्हणून लिव्हरजवळ एक विजेवर चालणारं कुलूप असतं. इंजिन बंद, इग्निशन चालू, एसी-गाणी बंद. ब्रेक दाबा आणि कान द्या. बहुतेक गाड्यांत बारीक 'टक्' ऐकू येतं. नाही आलं? मग मित्राला मागे उभं करा, ब्रेकलाइट लागतात का बघायला सांगा. लागत नसतील तर पेडलच्या वरचा स्विच किंवा फ्यूज तपासायचा. गिअरबॉक्सचा इथे संबंधच नाही. लाइट लागतात पण 'टक्' नाही, तर कुलूप किंवा त्याची वायर. वाटेत अडकलात तर बऱ्याच गाड्यांत लिव्हरशेजारी एक छोटं झाकण असतं. हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, त्यात किल्ली किंवा स्क्रूड्रायव्हर दाबला की लिव्हर सुटतो. तुमच्या गाडीत ते कुठे आहे, हे मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा.

एएमटीवाल्यांनो, तुमचं जरा वेगळं. २०१४ ला सेलेरिओपासून आपल्याकडे ही स्वस्त ऑटोमॅटिक आली. यातल्या बऱ्याच गाड्यांत पी नसतोच, आणि लिव्हर म्हणजे जवळजवळ एक स्विच. तो जड झाला तर आधी खाली काय सांडलंय ते बघा. चहा, उसाचा रस, एखादं नाणं. हसू नका, गोड चिकट रस वाळला की लिव्हर गोंद लावल्यासारखा होतो.

आता खरी काळजीची गोष्ट. पी, आर, एन, डी, सगळीकडेच लिव्हर जड असेल तर संशय केबलवर. लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी ही केबल आतून गंजते, मुडपते, टोकाचं प्लास्टिकचं बुश झिजतं. मेकॅनिकला सांगा, गिअरबॉक्सकडचं टोक सोडव आणि तिथला दांडा हाताने हलवून बघ. तो सहज हलला तर दोष केबलचा किंवा लिव्हरचा. तिथेही जड असेल तरच गिअरबॉक्सची चर्चा. एवढी तपासणी न करता गिअरबॉक्स उतरवा म्हणणाऱ्याला मी तरी गाडी देणार नाही.

केबलचं दुखणं अंगावर मात्र काढू नका. बुश तुटलं तर लिव्हर पी दाखवतो आणि गिअरबॉक्स भलत्याच गिअरमध्ये असतो. २०२२ च्या जूनमध्ये फोर्डने अमेरिकेत सुमारे २९ लाख गाड्या याच बुशसाठी परत बोलावल्या होत्या. पी टाकून उतरलात आणि मागे पोरं खेळतायत, विचार करा.

म्हणून दुरुस्तीनंतर सपाट जागा बघा. चाकापुढे-मागे थोडं अंतर ठेवून दगड लावा, पी टाका, इंजिन बंद करा, हँडब्रेक सोडा आणि बाहेरून गाडी ढकला. थोडीशी हलून अडकली तर ठीक. दगडापर्यंत गेली तर केबलची सेटिंग परत करून घ्या, आणि तोवर हँडब्रेकशिवाय गाडी सोडून उतरू नका.

तुमच्या गाडीचा असा काही आवाज असेल तर रेकॉर्ड करून पाठवा. मॉडेल आणि वर्ष तेवढं सांगा.