मत माणसाला की निशाणीला?



वैशाखाच्या या उकाड्यात, दिवसभराची कामे आटोपून आपण निवडणुकीसारख्या रूक्ष विषयावरचे बोलणे ऐकावयास आलात, याचे आम्हांला कौतुक वाटते. चालकांनी आम्हांस विषय दिला होता तो इंग्लंडचा: तेथील मतदार पक्ष निवडतो की पुढारी? लातूरहून नांदेडला येऊन इंग्लंडविषयी बोलावयाचे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. या प्रश्नाचे जितके पुरावे आपल्या दोन जिल्ह्यांत पडलेले आहेत, तितके दुसरीकडे क्वचितच सापडतील. तेव्हा इंग्लंडास वंदन करून आम्ही लवकरच घरी परतणार आहोत.

इंग्लंडचे दोनच दाखले घेऊ. १९४५ साली चर्चिलसाहेब युद्ध जिंकून देणारे पुढारी म्हणून सर्वांच्या आदरास पात्र झाले होते. त्यांच्या मिरवणुकींना माणसे लोटत होती. त्याच माणसांनी मते मात्र मजूर पक्षाला दिली आणि ॲटली पंतप्रधान झाले. स्वतः चर्चिल आपल्या मतदारसंघातून निवडून आले होते, हे लक्षात ठेवावे. दुसरा दाखला मतपत्रिकेचा. ज्या देशात पक्षपद्धती मुरली असे आपण म्हणतो, त्या देशाच्या मतपत्रिकेवर १९६९ चा कायदा होईपर्यंत पक्षाचे नाव छापण्याची सोयच नव्हती! उमेदवाराचे नाव, पत्ता, व्यवसाय, बस्स. कायदा म्हणे माणूस निवडा, आणि मतदार पक्ष निवडून मोकळा होई.

आपल्याकडे उलट झाले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत दर उमेदवाराची पेटी निराळी आणि तिच्यावर निशाणी चिकटवलेली. अक्षरओळख नसलेल्या मतदारासाठी ती व्यवस्था होती आणि ती योग्यच होती. म्हणजे आमचा कायदा पहिल्या दिवसापासून निशाणी पुढे करीत आला, आणि आम्ही मात्र घरी परतताना सांगत आलो की मत ‘साहेबांना’ दिले. २०१५ पासून तर यंत्रावर निशाणीशेजारी उमेदवाराचे छायाचित्रही लागू लागले. आता दोन्ही समोर आहेत. मतदाराचा डोळा कोठे थांबतो?

प्रथम आमच्या लातूरचे पाहू. शिवराज पाटील चाकूरकर १९८० पासून १९९९ पर्यंत लागोपाठ सात वेळा लोकसभेवर गेले. १९८९ साली येथे नांदेडात काँग्रेसचे अशोकराव चव्हाण जनता दलाच्या डॉ. व्यंकटेश काबदे यांच्याकडून पराभूत झाले. त्याच वर्षी, त्याच पंजावर, शेजारच्या लातुरात चाकूरकर निवडून आले. मग हे माणसाचे मत म्हणावयाचे काय? तसे म्हणावे तर २००४ साली तेच चाकूरकर, लोकसभेचे अध्यक्षपद भूषविलेले गृहस्थ, भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर यांच्याकडून हरले. विलासराव देशमुखांचेही तेच. १९९५ साली लातूरच्या मतदारांनी त्यांना घरी बसविले आणि जनता दलाच्या शिवाजीराव पाटील कव्हेकरांना मुंबईला धाडले. चारच वर्षांनी त्याच मतदारांनी विलासरावांना प्रचंड मताधिक्याने निवडून दिले आणि ते मुख्यमंत्री झाले. माणूस तोच, निशाणी तीच, मतदार बहुतांशी तेच. तेव्हा माणूस आणि निशाणी यांखेरीज तिसरेही काही असते: मतदाराचा राग. त्याची नोंद कोणत्याही मतपत्रिकेवर होत नाही.

निलंग्याची कथा तर घराघरांत शिरलेली. २००४ साली संभाजी पाटील निलंगेकर यांनी कमळावर उभे राहून आपल्या आजोबांना, माजी मुख्यमंत्री शिवाजीरावांना हरविले. २००९ साली आजोबांनी नातवाला हरविले. आडनाव एकच असल्यामुळे येथे ‘घराण्याला मत’ या सोप्या स्पष्टीकरणाचा उपयोग होत नाही. मतदाराला निशाणी पाहावीच लागली.

२००९ साली लातूर लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला, आणि आमच्या मते त्या दिवसापासून या प्रश्नाची खरी परीक्षा सुरू झाली. जुनी मातब्बर घराणी बाजूस झाली. त्या वर्षी निवडून आले ते जयवंतराव आवळे, कोल्हापूरकडचे. लातूरच्या शेतकऱ्याने त्यांना कधी पाहिले होते? मत पंजाला होते, अथवा विलासरावांच्या शब्दाला होते. आवळ्यांना खचित नव्हते. पुढे २०१४ ला सुनील गायकवाड, २०१९ ला सुधाकर शृंगारे. नावे बदलली, कमळ राहिले. २०२४ ला पुन्हा पंजा, डॉ. शिवाजी काळगे यांच्या रूपाने.

परंतु निशाणीचे मत हे एका निशाणीवरून दुसरीवर बदली करता येते, असा जो पुढाऱ्यांचा समज असतो, तो २०१९ साली लातूर ग्रामीणने खोटा ठरविला. युतीच्या वाटपात ती जागा शिवसेनेकडे गेली. भाजपच्या मतदाराने काय केले? काँग्रेसचे धीरज देशमुख मोठ्या फरकाने निवडून आले, आणि दुसऱ्या क्रमांकावर राहिली ती ‘वरीलपैकी कोणीही नाही’ ही कळ! तिला २७,५०० मते पडली. निशाणी आपली नाही, माणूसही आपला नाही, तर घरी बसण्याऐवजी रांगेत उभे राहून नकार नोंदविणारी ही माणसे आम्हांला फार मोलाची वाटतात. २०२४ साली तेथे कमळ आले, रमेश कराड उभे राहिले आणि धीरज देशमुख सहा हजारांवर मतांनी हरले.

आता आपल्या नांदेडकडे वळू. २०१४ च्या लाटेत महाराष्ट्रात काँग्रेसचे दोनच खासदार वाचले, नांदेडचे अशोकराव आणि हिंगोलीचे राजीव सातव. सर्वांनी म्हटले, नांदेड म्हणजे चव्हाण. २०१९ ला अशोकराव प्रतापराव चिखलीकरांकडून सुमारे ४० हजारांनी हरले. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी अशोकराव भाजपमध्ये गेले. त्या वेळी हिशेब मांडला गेला तो बेरजेचा: चिखलीकरांची मते अधिक चव्हाणांची मते. उत्तर काय आले ते आपण जाणता. काँग्रेसचे वसंतराव चव्हाण ५९,४४२ मतांनी निवडून आले. मते पुढाऱ्याच्या गाडीत बसून गेली नाहीत.

येथेच थांबलो असतो तर ‘नांदेडचा मतदार पक्षनिष्ठ’ असा निकाल देऊन आम्ही मोकळे झालो असतो. पण वसंतरावांचे ऑगस्टमध्ये निधन झाले आणि २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेबरोबरच लोकसभेची पोटनिवडणूक झाली. एकच दिवस, एकच खोली, एकाच मतदारापुढे दोन यंत्रे. लोकसभेला पंजावर रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले. त्याच मतदारसंघातील विधानसभेच्या सहाही जागा मात्र महायुतीने जिंकल्या. विधानसभेत विरोधी मते फुटली हे खरे. तरीही हजारो मतदारांनी एका यंत्रावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे बटण दाबल्याखेरीज असा निकाल लागत नाही. भोकरला अशोकरावांच्या कन्या श्रीजया कमळावर विजयी झाल्या. देगलूरला जितेश अंतापूरकर २०२१ च्या पोटनिवडणुकीत पंजावर आले होते, ते २०२४ ला कमळावर आले. चिखलीकर लोह्यातून २०१४ ला शिवसेनेचे आमदार, २०१९ ला भाजपचे खासदार, २०२४ ला पुन्हा लोह्यातून घड्याळाचे आमदार.

आमचा तर्क असा आहे. विधानसभेचा आमदार लग्नाला येतो, मयताला येतो, रोहित्र जळाले की त्याला फोन लागतो. तेथे मतदार माणूस धरतो आणि निशाणी बदलली तरी पुष्कळदा सोडत नाही. लोकसभेचा मतदारसंघ अठरा लाखांच्या आसपास. तेथे खासदाराचे तोंड दिसत नाही, निशाणीच दिसते. वसंतरावांविषयीच्या सहानुभूतीचा भाग होताच, तो आम्ही नाकारीत नाही. पण कंधारचे भाई केशवराव धोंडगे आठवा. १९७७ साली शेतकरी कामगार पक्षाच्या या माणसाला नांदेडने लोकसभेवर पाठविले. तेथे माणूस कोठे संपत होता आणि पक्ष कोठे सुरू होत होता, हे सांगणे आम्हांला तरी जमलेले नाही.

इंग्लंडात २०१४ साली डग्लस कार्सवेल यांनी पक्ष सोडला, तेव्हा कायद्याची सक्ती नसता त्यांनी राजीनामा दिला आणि क्लॅक्टनच्या मतदारांपुढे पुन्हा उभे राहून ते निवडून आले. आमच्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदीचा कायदा आहे, आणि तरीही मतदाराला विचारण्याचे काम बहुधा पुढल्या निवडणुकीपर्यंत लांबते. आम्हांला रुखरुख लागते ती याची.

आणि मतदारापेक्षाही जास्त अडचण होते ती कार्यकर्त्याची. आमचे एक स्नेही तीस वर्षे सभेच्या सतरंज्या अंथरीत आणि उचलीत आले. फेब्रुवारीतल्या त्या दिवशी सकाळी ते एका पक्षाचे होते. संध्याकाळी त्यांना विचारण्यात आले की तुम्ही साहेबांचे की पक्षाचे? इतक्या वर्षांत हे दोन प्रश्न निराळे आहेत असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. एप्रिलमधील मतदानाच्या दिवशी त्यांनी केंद्राबाहेर टेबल मांडले नाही. मत देऊन आले आणि दार लावून निजले. नोव्हेंबरात ते पुन्हा टेबलावर याद्या घेऊन बसलेले आम्ही पाहिले. कोणाच्या टेबलावर, ते येथे सांगणे बरे नव्हे. ते या सभेत बसलेले आहेत.